आतल्या कडेचा टाका

दिवाळी होऊन गेल्यावर अमरावतीचे धर्मेंद्र इंगोले चार जुनी मॅगव्हीलं घेऊन अकोल्याला आले. मॅगव्हील म्हणजे साध्या लोखंडी चाकांच्या जागी हौसेनं बसवतात ती ॲल्युमिनियमची चाकं. इंगोल्यांचा औषधांचा होलसेल धंदा होता आणि त्यांनी नुकतीच हौस म्हणून एक जुनी गाडी विकत घेतली होती. गाडी बरी होती, चाकांची मात्र दशा झाली होती. दोन चाकं डिकीत, दोन मागच्या सीटवर जुन्या चादरीत गुंडाळलेली. ती त्यांनी स्वतः उतरवून अब्दुल सत्तारच्या दुकानासमोर मांडली.

सत्तारचं दुकान मूर्तिजापूर रोडला, एका टायरवाल्याच्या बाजूला, पत्र्याचं. चाकं साफ करणं, सरळ करणं, तडे जोडणं आणि मग रंग चढवणं एवढंच काम तिथं चालायचं. त्याचं वय साठीच्या पुढं गेलं होतं. त्यानं एकेक चाक उभं करून बोटाच्या पेरानं वाजवलं, कडेवरून अंगठा फिरवला.

"अमरावतीत दोघा-तिघांले दाखवली, चाचा," धर्मेंद्र म्हणाले. "एक म्हणे, वरून रंग मारून देतो, संध्याकाळी घेऊन जा. मले तसं नाई पायजे."

"मंग कसं पायजे?"

"आतून-बाहेरून. नव्यासारखी."

"नव्यासारखी नाई होत," सत्तार म्हणाला. "चांगली होतात. पण आत काय निघते ते रंग उतरल्यावरच समजन. घाई करू नोका."

धर्मेंद्रना घाई नव्हती. फोन नंबर देऊन ते गेले.

दुसऱ्या दिवशी सत्तारनं कामाला हात घातला. आधी साबणाचं पाणी, मग रॉकेलचा बोळा. डांबराचे डाग सुटले, ब्रेकची काळी धूळ सुटली. ही धूळ वर्षानुवर्षं तापून धातूत रुतून बसते, नुसत्या पाण्यानं हलत नाही. आतल्या बाजूला बॅलन्ससाठी चिकटवलेले शिशाचे तुकडे आणि त्यांच्याखालचा वाळलेला गोंद त्यानं लाकडी पट्टीनं खरवडून काढला. मग रंग काढायचं औषध ब्रशनं फासलं, वर प्लास्टिक झाकलं आणि चहा प्यायला बसला. थोड्या वेळानं प्लास्टिकखाली रंग दुधावरच्या सायीसारखा सुरकुतला. वरचा चंदेरी, त्याच्याखाली काळा, त्याच्याखाली पुन्हा चंदेरी. आधीच्या मालकांनी एकावर एक थर चढवले होते आणि खालची धातू खाणारी पांढरी बुरशी तशीच झाकून ठेवली होती.

पहिली दोन चाकं सरळ निघाली. कडेला फुटपाथ घासल्याचे ओरखडे आणि बुरशीचे नागमोडी डाग, एवढंच. तिसरं चाक त्यानं उलटं केलं, आतल्या कडेचा रंग खरवडला आणि पट्टी एका ठिकाणी अडली. तिथं धातू जरा वर आलेला होता. त्यानं थिनरचा बोळा फिरवला, चष्मा नाकावर ओढला आणि चाक दाराजवळ उजेडात नेलं.

बोटभर लांबीचा एक वेल्डिंगचा टाका होता. आर्गनच्या मशीनवर मारलेला, बारीक, मासोळीच्या खवल्यांसारखा एकसारखा. संपताना सरळ न थांबता किंचित मागे वळलेला.

सत्तार ते चाक मांडीवर घेऊन तसाच स्टुलावर बसला. टाका शेवटी मागे वळवायची खोड अख्ख्या अकोल्यात एकाच हाताला होती. तो हात त्याच्या मुलीचा, नगमाचा.

नगमा सत्तार आणि बिल्कीसची एकुलती एक. बारावीनंतर ती घरी होती तेव्हा बापाचा डबा घेऊन दुकानात यायची. डबा खाऊन होईपर्यंत बसून राहण्यापेक्षा म्हणून चाकं पुसू लागली, मग घासू लागली. सत्तारनं त्या सुमारास एमआयडीसीतल्या एका बंद पडलेल्या कारखान्यातून आर्गन वेल्डिंगची मशीन घेतली होती. तो जुना गॅस वेल्डर, लोखंडात हात बसलेला. ॲल्युमिनियम त्याला त्रास द्यायचं. लोखंड तापलं की लाल होतं, माणसाला कळतं. ॲल्युमिनियमचा रंग बदलत नाही, ते चकाकतं आणि दुसऱ्याच क्षणी गळून खाली पडतं. त्याच्या हातून कितीतरी चाकांना भोकं पडली. एकदा नगमा म्हणाली, "अब्बा, मी पाहू?" तिनं मास्क लावला, वेल्डिंगचा टॉर्च धरला, आणि चकाकी येते न येते तोच तार टेकवून हात पुढं सरकवला. पहिला टाका वेडावाकडा होता, पण भोक पडलं नाही. दोन-तीन महिन्यांत ती त्याच्यापेक्षा चांगलं जोडू लागली. एकदा तिचा एक टाका थंड होताना टोकाला तडकला, तेव्हापासून ती शेवटी हात जरा मागे घेऊ लागली. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

घरात ही माणसं आपली उर्दू बोलायची. दुकानात गिऱ्हाइकांमुळे वऱ्हाडी चालायची, आणि बापलेकीचं कामाचं बोलणंही त्याच बोलीत व्हायचं. मास्क वर करून ती विचारायची, "अब्बा, पाहा बरं, हे बरं झालं काय?" तो म्हणायचा, "जमलं." यापेक्षा जास्त कौतुक त्यानं कधी केलं नाही. आपल्याला फार आनंद होतो हे त्याला माहीत होतं, तिला माहीत असेल असं तो धरून चालला होता.

याच चार चाकांचा तेव्हाचा मालक अमरावतीचा एक रस्त्यांचा ठेकेदार होता. खड्ड्यात चाक आपटून आतली कड चिरली होती. नगमानं दिवसभर खपून ती जोडली. ठेकेदार चाक न्यायला आला तेव्हा ती दुसऱ्या एका कामावर होती, टॉर्च हातात, मास्क डोक्यावर सारलेला. ठेकेदार तिच्याकडे पाहत राहिला. मग त्यानं सत्तारला विचारलं, "हे माह्यं चाक या पोरीनं जोडलं काय?"

त्याच्या आवाजात टिंगल नव्हती. भीती होती. त्याला त्याच चाकावर बायका-पोरं घेऊन नागपूरला जायचं होतं.

"नाई, नाई साहेब," सत्तार म्हणाला. "ते असंच साफसफाईले येते. टाका माह्या हातचा हाय."

ठेकेदाराचा जीव भांड्यात पडला. त्यानं हसून सत्तारच्या खांद्यावर हात ठेवला. नगमा तिथंच, हाताच्या अंतरावर उभी होती. तिनं मास्क खिळ्याला अडकवला, फडकं घेतलं, ते चाक पुसलं आणि स्वतः उचलून ठेकेदाराच्या डिकीत नेऊन ठेवलं.

त्या संध्याकाळी स्कूटरवरून घरी जाताना तिला काहीतरी बोलावं असं सत्तारच्या मनात आलं होतं. धंदा आहे, असं बोलावं लागतं, तुला कळतंच, असं काहीतरी. वाटेत पेट्रोल भरायला थांबले, तिथं ओळखीचा कोणी भेटला, आणि ते राहून गेलं. घरी तिनं नेहमीसारखं जेवण केलं.

पुढं काही दिवस ती दुकानात आली. पुसायची, घासायची, पण टॉर्चला हात लावत नव्हती. "आज तुमीच करा, अब्बा," म्हणायची. मग बिल्कीसचा गुडघा धरला आणि ती घरी राहिली. गुडघा बरा झाला तरी ती आली नाही. सत्तारनं मनाशी म्हटलं, पोरीचं मन भरलं असेल. आणि खरं सांगायचं तर त्याला थोडं हलकंही वाटलं होतं. मशिदीबाहेर एक-दोघं त्याला पोरगी दुकानात कशाला येते असं विचारू लागले होते, ती विचारणा आता बंद झाली. वर्षभरात अचलपूरहून स्थळ आलं. मुलाचं, शाकीबचं, चपलांचं दुकान होतं, माणसं चांगली होती. नगमा हो म्हणाली. लग्न झालं, पुढं तिला मुलगी झाली, ती आता शाळेत जात होती.

इकडे सत्तारचा उजवा हात थरथरू लागला. जोडकाम तो एमआयडीसीतल्या दुसऱ्या वेल्डरकडे पाठवू लागला आणि आर्गनची मशीन कोपऱ्यात ताडपत्रीखाली गेली.

टाका सापडला त्या दिवशी सत्तारनं तो साफ करून त्याच्यावर लाल रंगाचं पातळ औषध सोडलं, पुसलं आणि पांढरी पावडर मारली. कुठं बारीक चीर असली तर लाल रेघ वर येते. रेघ आली, पण टाक्याच्या बाजूला वीतभर अंतरावर. नवा तडा होता, नंतरच्या कोणत्यातरी खड्ड्याचा. नगमाच्या टाक्यावर पावडर पांढरीच राहिली.

रात्री जेवताना त्यानं बिल्कीसला सांगितलं. ती म्हणाली, फोन करून सांगा तिला, खूश होईल. तो म्हणाला, फोनवर नाही. सकाळी त्यानं ते चाक गोणपाटाच्या पोत्यात घातलं आणि अकोट-अंजनगाववरून अचलपूरला लागून असलेल्या परतवाड्याला जाणारी एसटी धरली.

पोतं त्यानं पायाशी उभं केलं होतं. वळणावर ते शेजारच्या बाईच्या पायाला लागायचं. अकोट सोडल्यावर बाईनं विचारलं, "भाऊ, पोत्यात काय हाय? भलकसं जड दिसते."

"गाडीचं चाक हाय."

"पंक्चर झालं काय?"

"नाई. माह्या पोरीनं जोडेल हाय हे. तिलेच दाखवाले नेऊन राहिलो."

"पोरगी असं काम करते?"

"करे. लय बारीक काम करे."

"हुशार हाय मंग," बाई म्हणाली आणि खिडकीबाहेर कपाशीकडे पाहू लागली.

सत्तारनं पोतं जवळ ओढलं. एवढंच बोलायचं होतं. अनोळखी बाईला ते किती सहज सांगता आलं, आणि ऐकणारीलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. ठेकेदारही कदाचित बिचकला असता, दोन प्रश्न विचारले असते, आणि चाक घेऊन गेला असता. किंवा नसता गेला. नसता गेला तरी काय बिघडलं असतं, हे त्याला आता आठवून सांगता येईना.

अचलपुरात शाकीबचं दुकान खाली आणि घर वर होतं. बापाला जिन्यात पोतं घेऊन उभं पाहून नगमा घाबरली. "अब्बा, फोन तो करना था," ती म्हणाली. आई बरी आहे ना, तुम्ही बरे आहात ना, असं तिनं उर्दूतच विचारलं, पाणी दिलं, पंखा लावला. तिचं अंग भरलं होतं. कपाळाजवळ एक-दोन केस पांढरे दिसत होते. मुलगी शाळेत गेली होती, सासू शेजारी बसायला गेली होती.

सत्तारनं पोत्याचं तोंड सोडलं आणि चाक फरशीवर उलटं ठेवलं.

नगमा उकिडवी बसली. तिनं ओढणीला हात पुसले आणि आतल्या कडेवरून बोट फिरवलं. टाक्याच्या शेवटी, जिथं तो मागे वळला होता, तिथं बोट थांबलं.

"हे त्या ठेकेदाराचं चाक हाय," ती म्हणाली. उर्दू सोडून ती दुकानाच्या बोलीत आली होती.

"होय. आता दुसऱ्याचं हाय. रंगाले आलं."

"टाका तसाच हाय, अब्बा."

"तसाच. लाल औषध टाकून पाह्यलं मी. काईच नाई निघालं."

ती हसली. खूप दिवसांनी तिला असं हसताना त्यानं पाहिलं. मग तो म्हणाला, "मी त्याले तवा खरं सांगाले पायजे होतं."

नगमानं चाक हळूच फिरवलं. "गिऱ्हाईक जाईन म्हणून बोलले तुमी. मले तवाच समजलं होतं. वाईट वाटलं, पण राग नव्हता."

"मंग येणं कावून बंद केलं?"

"तुमी बोलावलं नाई."

सत्तारनं रिकाम्या पोत्याची घडी घातली.

"मले वाटलं, तुले ते काम नोको झालं," तो म्हणाला.

"अन् मले वाटलं, तुमाले मी तिथं नोको झाली. आईचा गुडघा बरा झाला तं मी रोज सकाळी तयार होऊन बसत होती. ओढणी कमरेले बांधून. तुमचा डबा भरून दारात ठेवो अन् तिथंच उभी राहो. तुमी एकदाबी म्हटलं नाई का, नगमा, चाल. डबा उचलला अन् निघाले."

सत्तारला ते दार आठवलं. डबा आठवला. कमरेला ओढणी बांधून उभी असलेली पोरगीही आठवली. त्यानं ते रोज पाहिलं होतं. घरकामाला लागली असेल असं वाटून तो स्कूटर चालू करत होता.

"तू तरी म्हणली असती," तो म्हणाला.

"हो. मीबी म्हणली असती तं झालं असतं," नगमा म्हणाली. "दोघंबी नाई बोललो."

तिनं चाक परत फिरवलं आणि नव्या तड्याजवळ नेलं. "हा नवा हाय."

"तो तू जोड," सत्तार म्हणाला. "त्याच्यासाठीच आणलं."

"काही काय, अब्बा. मी तं मास्क पाह्यला नाई तवापासून."

तेवढ्यात शाकीब वर आला. सासरे आलेत म्हणून खाली बाजूच्या हॉटेलातून त्यानं कचोरी आणली होती. बोलणं त्याच्या कानावर पडलं. नगमा बापाच्या दुकानात बसायची एवढं त्याला माहीत होतं, जोडकाम करायची हे नव्हतं. तिनं कधी सांगितलं नव्हतं. त्यानं तो टाका वाकून पाहिला, बोटानं चाचपला, आणि बायकोकडे नव्यानं ओळख झाल्यासारखं पाहिलं.

"जा ना," तो म्हणाला. "रविवारी जाऊन ये. इकडचं आम्ही पाहतो."

रविवारी नगमा अकोल्याला आली. सत्तारनं आदल्या दिवशी ताडपत्री काढून मशीन पुसली होती, गॅसचा सिलिंडर आणून ठेवला होता, तड्याच्या दोन्ही टोकांना तो पुढं सरकू नये म्हणून बारीक छिद्रं पाडली होती आणि तडा स्टीलच्या ब्रशनं घासून पांढराशुभ्र केला होता. सरावाला एक भंगारातलं चाक काढलं होतं. बिल्कीस डबा घेऊन स्वतः दुकानात आली आणि थोडा वेळ बसून गेली.

नगमानं ओढणी कमरेला बांधली. मास्क डोक्याला सैल होत होता, तो घट्ट केला. टॉर्च हातात घेऊन जरा तोलून पाहिला.

पहिल्यांदा टॉर्चचं टोक वितळलेल्या धातूला टेकलं आणि सगळं काळं झालं. तिनं टोक घासून नीट केलं. दुसऱ्यांदा चकाकी आली ती तिला उशिरा दिसली, कडेला भोक पडलं. "होते तसं," सत्तार म्हणाला. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. दुपार झाली. तिच्या मनगटाला रग लागली, तिनं हात झटकला, पाणी प्यायली, परत बसली. दुपारनंतर एक टाका बरा दिसला. खवले एकसारखे नव्हते, पण तुटक नव्हता.

सत्तारला उभारी आली. "जमून राहिलं," तो म्हणाला. "आता त्या चाकावर घे."

नगमानं मास्क वर केला. तिचा चेहरा लाल झाला होता. टाक्याकडे ती थोडा वेळ पाहत राहिली. मग तिनं भंगारातलं ते चाक फळीवर आडवं धरलं आणि टाक्यावर हातोडी मारली. दुसऱ्या घावाला टाका मधोमध तुटला. तुटलेली कड तिनं बापासमोर धरली. आत धातू पावासारखा जाळीदार होता.

"हे पाहा."

"थोडा सराव झाला का मंग..."

"अब्बा, हे कोणाच्या तरी गाडीले लागन. त्याच्यात लेकरं बसतीन." ती शांतपणे बोलत होती. "वरून पाहून मले बरं वाटलं, तुमालेबी वाटलं. पण हात तो राह्यला नाई."

"परत येईन हात."

"सरावाले रोज दुकानात यावं लागते."

सत्तारनं तिच्या हातातून टॉर्च घेतला. आपणच करावं असं क्षणभर त्याच्या मनात आलं. टॉर्चचं टोक हवेत हलत होतं, तो थांबवायला गेला की जास्त हलत होतं. नगमानं तो हळूच काढून घेतला आणि मशीनचं बटण बंद केलं.

"एमआयडीसीतल्या त्याच्याकडे पाठवून द्या," ती म्हणाली. "तो करते ना चांगलं?"

"करते."

"मंग झालं."

बस सुटायला वेळ होता. नगमानं पाणकागद घेतला आणि दुसऱ्या चाकाच्या आऱ्यांमधली राहिलेली बुरशी घासायला बसली, सुरुवातीच्या दिवसांत बसायची तशी. सत्तार समोर दुसरं चाक घेऊन बसला. दोघं पाण्यात कागद बुडवून घासत राहिले. ती मुलीच्या शाळेबद्दल बोलत होती. मुलीला चित्रं काढायचा नाद आहे, बाई म्हणतात हात छान आहे.

"तिले काढू दे," सत्तार म्हणाला. "अन् तिले म्हणत जाजो का चांगलं काढलं. मोठ्यानं म्हणजो."

"म्हणते मी, अब्बा."

थोड्या वेळानं तो म्हणाला, "महिन्यातून एकदा येत जा. मशीन मी चालू ठेवतो."

नगमानं हातातला कागद उलटा करून पाहिला. "पाहू," ती म्हणाली. ते तिनं इतक्या मायेनं म्हटलं की सत्तारनं पुढं काही विचारलं नाही.

बसस्टँडवर तिनं त्याला डोळे तपासून घ्यायला सांगितलं, हाताचं डॉक्टरला दाखवायला सांगितलं. बस लागली. खिडकीत बसल्यावर ती म्हणाली, "मले भेटाले पोतं घेऊन आले तुमी, ते चांगलं केलं." बस हलली. सत्तार फलाटावरून बाहेर आला तेव्हा त्याच्या नखांत अजून घासकामाचा पांढरा चिखल होता.

पुढच्या आठवड्यात एमआयडीसीतल्या वेल्डरनं तडा जोडून दिला. काम चोख होतं. सत्तारनं चारही चाकं फिरवून त्यांची डगमग तपासली, बारीक खड्डे पुटीनं भरले, प्रायमर चढवला, वाळल्यावर घासला, आणि मग चंदेरी रंगाचे दोन हात आणि वर लॅकर दिलं. आतल्या कडेचे दोन्ही टाके रंगाखाली गेले. धर्मेंद्र इंगोले येऊन चाकं पाहून खूश झाले. सूर्याकडे धरून त्यांनी फोटो काढले आणि नव्यासारखी झाली म्हणाले. या वेळी सत्तारनं त्यांना अडवलं नाही.

त्यानंतर नगमाचा रविवारी फोन यायचा. आधी आईशी बोलायची, मग त्याच्याशी. एकदा तिनं विचारलं, सध्या काय काम आहे. सत्तारनं तपशिलात सांगितलं. बार्शीटाकळीच्या एकाची चाकं आहेत, फार सडलेली, रंग काढायला दोन दिवस गेले, एकाला आऱ्याजवळ चीर निघाली, सगळा भार तिथंच येतो म्हणून ते जोडायला नकार दिला. ती मधे मधे हूं म्हणत होती.

"आऱ्याजवळ असन तं नाईच जोडा लागत," ती म्हणाली.

"तेच म्हटलं मी त्याले."

मग तिकडून तिच्या मुलीनं तिला हाक मारली. ठेवते, अब्बा, असं उर्दूत म्हणून तिनं फोन ठेवला. बिल्कीसनं विचारलं, काय म्हणत होती. सत्तार म्हणाला, काही नाही, कामाचं बोलत होती. आणि तो हात धुवायला उठला.